अनसूयेचे गोत्र

भाद्रपदातली दुपार आहे. भोजनोत्तर घटकाभर वामकुक्षी घ्यावी, ही पूर्वजांची आज्ञा मी आजवर मोडलेली नाही. पडवीतल्या बाजेवर डाव्या कुशीला कलंडतो. आत इंदिरा, माझी पत्नी, धुतलेली भांडी पालथी घालते आहे. त्यांचा नाद हळूहळू लांबतो, आणि प्रत्येक भांड्यानंतरची शांतता आधीच्या शांततेपेक्षा थोडी मोठी होत जाते. डोळे मिटले आहेत, मन मिटत नाही. सकाळपासून तिथे एकच प्रश्न ठाण मांडून बसला आहे.

उद्या अविधवा नवमी. पतीच्या हयातीत निवर्तलेल्या स्त्रीचे श्राद्ध या तिथीला करतात. आमची एकुलती एक कन्या अनसूया, घरातली अनी, हिला जाऊन वर्ष उलटले. वर्ष पूर्ण झाल्यानंतरचा हा पहिलाच पितृपक्ष. अनी प्राणिशास्त्राची अभ्यासक होती. सह्याद्रीतल्या बेडकांपासून तिने आरंभ केला आणि त्यांच्या मागोमाग मेघालयाच्या डोंगरांत गेली. तिथल्याच बान्तैलांग नावाच्या खासी तरुणाशी तिने विवाह केला. तिथेच तापाने गेली. तिच्या सासरी श्राद्धविधी नाही, म्हणून पाणी मी द्यावे असे ठरले.

सकाळी उपाध्ये गुरुजी दारात सायकल टेकवून उभे होते.

"अण्णा, उद्या संकल्पात गोत्र कोणतं घालायचं?"

"जावयाचे. विवाहानंतर तेच तिचे."

"ते खरं. पण जावयांना गोत्र आहे का?"

"कुळ आहे. त्यांच्याकडे ते आईकडून चालते."

"म्हणजे जावयांचं कुळ त्यांच्या आईचं. ते काही आपल्या अनीला लागायचं नाही." गुरुजींनी टोपी काढून डोके पुसले. "मग कश्यप घालू. गोत्र ठाऊक नसेल त्याचं कश्यप. आधार आहे त्याला."

आधार आहे हे मलाही ठाऊक आहे. कैक यजमानांना तो आधार मीच सांगितलेला आहे. परंतु अपुऱ्या पत्त्याचे टपाल जिथे जाऊन पडते तशा जागी माझ्या अनीचे पाणी जाऊन पडेल, या विचाराने घास गिळवत नव्हता. तिला पाणी मिळाले पाहिजे. एवढेच तर आता पित्याच्या हाती उरले आहे.

भांड्यांचा नाद थांबतो. की मीच त्याच्या पलीकडे जातो, हे कळत नाही.

"अण्णा, सरका थोडे."

बाज करकरते. कडेला अनी बसलेली आहे. पायजम्याचे पाय मोज्यांत खोचलेले, जळवा चढू नयेत म्हणून ती नेहमी खोचत असे तसे. केस ओले आहेत. ती वारलेली आहे हे मला ठाऊक आहे आणि ती आल्याचे आश्चर्यही वाटत नाही. ही दोन ज्ञाने एकमेकांना भेटत का नाहीत, एवढेच आश्चर्य वाटते.

"अनी, तू गेलीस ना गं?"

"गेले की. म्हणून तर दुपारी यायला सवड झाली. नाहीतर तुम्ही आडवे झालात की आई मला पडवीत फिरकू देते का?" ती ओंजळ पुढे करते. "पाणी द्या ना. कधीची तहान लागली आहे."

माझ्या हाती तांब्या आहे. तो केव्हा घेतला हे आठवत नाही. मी बसूनच म्हणतो, "अस्मत्कन्यां अनसूयादां कश्यपगोत्रां," आणि धार धरतो. पाणी तिच्या ओंजळीत पडते आणि अळवाच्या पानावरून घरंगळावे तसे घरंगळून जाते. तळहात कोरडे राहतात.

"हे कोणाला दिलेत?" ती विचारते.

"तुलाच."

"मग मला का नाही मिळाले?"

मी घाबरा होतो. दुसऱ्यांदा म्हणतो, "कौशिकगोत्रां." हे आमचे गोत्र, जन्माने तिचेही. या वेळी पाणी क्षणभर ओंजळीत थांबते, तिचा चेहरा उजळतो, आणि मग ते बोटांच्या फटींतून गळून जाते.

"ते तुम्ही सोडवलेत ना, अण्णा," ती हळूच म्हणते. "याच अंगणात. बान्तै पाटावर बसला होता, मुंडावळ्या सारख्या त्याच्या नाकावर येत होत्या, आणि तुम्ही माझ्या हातावर उदक सोडून मला तुमच्या गोत्रातून बाहेर काढलेत. विधी अगदी चोख केलात. चोख विधी उलटा फिरवता येत नाही."

"मग मी काय म्हणू?"

"चला, दाखवते."

पडवीला लागूनच वेदपाठशाळेचे दालन आहे. ते वस्तुतः गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण आज लागून आहे. विद्यार्थी दोन ओळींत समोरासमोर बसलेले आहेत. मी आयुष्यभर जिथे बसून शिकवले त्या आसनावर पाणी साचले आहे. दोन्ही ओळी एकच सूक्त म्हणत आहेत. मी कान देतो. प्रारंभी दोन्ही एकरूप आहेत. मग डावीकडची ओळ एका स्वरावर किंचित अधिक रेंगाळते. मी हात वर करतो, कोणी पाहत नाही. पुढच्या आवर्तनात ते रेंगाळणे हीच त्यांची रीत झालेली आहे. उजवीकडचे एक अक्षर आखडते घेतात, मग सर्वच घेतात.

"थांबव त्यांना," मी अनीला म्हणतो. "पद, क्रम, जटा, घन असे फिरवून फिरवून पाठ कशासाठी करून घेतो आम्ही? एक मात्रा हलू नये म्हणून!"

"तुमच्याकडे घनपाठ आहे, अण्णा. सृष्टीकडे नाही." ती आनंदाने मान डोलवत ऐकते आहे, लहानपणी दाराआडून ऐकायची तशी. "तिथे प्रत्येक पिढी मागच्या पिढीचा पाठ उतरवून घेते, आणि दर वेळी कुठेतरी चुकते. तपासायला गुरू नाही. बहुतेक चुका वाया जातात. काही मारतात. एखादी त्या जागी, त्या हवेत, जगायला थोडी सोयीची पडते. मग ती चूक सांगणारे अधिक उरतात."

"म्हणजे सृष्टीत अशुद्ध टिकते?"

"अशुद्ध कोणाच्या मानाने? पहिला पाठ आहे कुठे ताडून पाहायला?"

विद्यार्थ्यांचे शब्द आता कळेनासे झाले आहेत. टिक, टिक, टिक असा बारीक नाद तेवढा उरला आहे. समोर विद्यार्थी नाहीत. कारवीची पाने आहेत, आणि पानापानावर अंगठ्याच्या नखाएवढे बेडूक बसून गळ्याचे फुगे फुगवीत आहेत.

आम्ही डोंगरमाथ्यावर आहोत. धुके आहे. पायाला गार लागते तेव्हा कळते की मी अनवाणी आहे. अनी पुढे वाकून एका पानाखाली पाहते.

"हे झुडपातले बेडूक. यांना तळे लागत नाही. अंड्यातूनच सगळे सोपस्कार आटोपून पिल्लू बाहेर येते, शेपटीबिपटी काही नाही. पण ओलावा लागतो. ऊन सोसत नाही." ती समोर बोट करते. धुके विरळ होते आणि पलीकडे तसाच दुसरा माथा दिसतो. "पूर्वी हा आणि तो माथा असे वेगळे नव्हतेच. मधल्या दरीतही रान होते, आणि सगळे एकाच समाजातले."

ती बोलते तसतशी दरी बदलते. आधी झाडांनी काठोकाठ भरलेली असते, मग झाडे खाली बसत जातात, गवत उगवते, गवत पिवळे पडते, त्यावरून तापलेला वारा येतो. मी डोळे चोळतो. किती काळ गेला? पापणी लवली तेवढा? की मन्वंतर? शास्त्रात दोहोंनाही स्थान आहे, म्हणून मला निर्णय करता येत नाही.

"आता इकडचे तिकडे जात नाहीत," अनी सांगते. "दरी ओलांडायला गेले तर वाळून मरतात. मग इकडच्या चुका इकडेच राहिल्या, तिकडच्या तिकडे. इकडे ओढ्याचा खळखळाट आहे, त्यात बारीक आवाज बुडतो. चढा आवाज काढणाऱ्यांना माद्या लवकर ओरडा देतात."

"ओरडा देतात म्हणजे रागावतात?"

"नाही हो, प्रतिसाद देतात! तुम्ही म्हणजे अगदी…" ती खळखळून हसते. "तिकडे ओढा नाही, वटवाघळे आहेत. मोठ्याने ओरडेल त्याला ती उचलून नेतात. म्हणून तिकडचे हळू, अडखळत बोलतात. हा धरा."

माझ्या तळहातावर एक बेडूक आहे. ओला, हलका, जिवंत. त्याच्या पोटाची धडधड माझ्या कातडीला लागते आहे.

"न्या त्याला पलीकडे."

मी दरी उतरतो. गवत पायांना टोचते. तळहाताचा द्रोण करून त्यावर मी दुसऱ्या हाताची सावली धरतो. पुरोहित दर्भ सांभाळतो तसा त्या जिवाला सांभाळतो. पलीकडच्या माथ्यावर पोहोचतो, तर अनी आधीच तिथे आहे. एका पानावर एक मादी बसली आहे. रूपाने अगदी तशीच, मला दोघांत काहीही भेद दिसत नाही. मी बेडकाला तिच्या शेजारी ठेवतो. तो गळा फुगवतो. टिक, टिक, टिक.

मादी स्थिर आहे. तिने ऐकले नाही असे नव्हे. तिला उद्देशून कोणी बोलले, असेच तिला वाटलेले नाही. तो पुन्हा पुन्हा बोलावतो. तिच्या दृष्टीने रानात कुठेतरी पान टपटपते आहे.

"एवढेच?" मी विचारतो. "युद्ध नाही, शाप नाही?"

"एवढेच. एक जात होती, दोन झाल्या. कोणत्या दिवशी, ते विचारू नका. तसा दिवसच नव्हता. कुठल्याही आईला परकी लेक झाली नाही. प्रत्येक लेक आईसारखीच होती."

मला एकाएकी त्या बेडकाची कीव येते आणि मी त्याला परत उचलायला वाकतो. पण तिथे पान नाही, चूल आहे.

धुराने काळवंडलेले लाकडी घर आहे. छपरावर पाऊस सतत वाजतो आहे. चुलीपाशी एक वृद्धा बसली आहे, तोंडात विड्याचा लाल रंग. मी तिला छायाचित्रात पाहिले आहे. ही अनीची सासू. अनी माझ्या शेजारी उभी आहे आणि तिच्या कुशीत तान्ही मुलगीही आहे. ती मुलगी इबा, माझी नात. ती आता शाळेत जाते, हे मला ठाऊक आहे. तरी ती इथे तान्हीच आहे.

वृद्धा बोलते. तिची भाषा मला येत नाही आणि अर्थ मात्र थेट कळतो.

"या पोरीला कुळ नाही," ती म्हणते. "आमच्यात कुळ आईकडून येतं, आणि हिची आई बाहेरून आलेली."

"तेच तर!" मी कळवळून म्हणतो. "आमच्याकडून गेली ती, तुमच्याकडे लागली नाही. मधल्या दरीतच राहिली माझी मुलगी."

वृद्धा माझ्याकडे पाहते. शिष्याने फार साधी गोष्ट विचारावी तेव्हा मी जसे पाहत असे, तसे पाहते.

"व्याही, तुम्ही शिकलेले ना? बाहेरची बाई आली की आम्ही तिच्यापासून नवं कुळ धरतो. आमच्यात अशी कितीतरी कुळं आहेत. कोणीतरी बाई कधीतरी दरी ओलांडून आली, तिथून ती सुरू झाली." ती भोपळ्याच्या तुंब्यातून तांदळाचे मद्य जमिनीवर ओतते. थेंब थेंब, सावकाश, ओठ हलवीत. धार धरलेला तिचा हात मी पाहतो. देवा, हा हात मला किती ओळखीचा आहे! जमीन ते सारे पिऊन टाकते. एक थेंबही घरंगळत नाही.

"अनीला काय म्हणालात तुम्ही?" मी अधीर होऊन विचारतो. "कोणत्या नावाने दिलेत?"

पावसाचा आवाज वाढतो. वृद्धा उत्तर देते, ते मला ऐकू येत नाही.

"अनी, नवे गोत्र होत नसते," मी म्हणतो. माझा आवाज वर्गातल्यासारखा झाला आहे, हे मला जाणवते. "गोत्रे ऋषींची. ती मोजकी आहेत, ठरलेली आहेत."

"कौशिक ऋषींना कोणते गोत्र होते, अण्णा?"

मी तोंड उघडतो. मला वंशावळी मुखोद्गत आहेत, प्रवर मुखोद्गत आहेत. एकही ओठावर येत नाही.

"ते स्वतःला पहिले समजत होते का?" ती पुढे विचारते. "का आपले कोणाचे तरी नातू होते, सकाळी उठून समिधा गोळा करणारे? पहिले कोणी जन्माला येत नाही. मागून येणारे वळून बघतात, तेव्हा कोणीतरी पहिले दिसते."

ती इबाला खाली उतरवते. इबा चालू लागते, तरुण होते, तिच्यामागे तिची मुलगी उभी राहते, तिच्यामागे तिची. घराची भिंत नाही. ओल्या कुरणावर स्त्रियांची एक रांग दूरवर उभी आहे, जेवायच्या पंगतीसारखी, आणि हाती पळी घेऊन मी तिच्या कडेने चाललो आहे. इबाचे नाक आमच्या घराण्याचे आहे, माझ्या आईचे. तिच्या मुलीचेही जवळजवळ तसेच. मी प्रत्येकीच्या चेहऱ्यात ते नाक शोधत चालतो. प्रत्येक मुलगी शेजारच्या आईसारखी आहे, मला कुठेच थांबता येत नाही. आणि तरीही पुष्कळ पुढे गेल्यावर मी मान वर करतो, तर समोर एक मुखवटा वाटावा असा अनोळखी चेहरा आहे. तिचे डोळे, तिची बोटे, तिचे काहीही माझ्या परिचयाचे नाही. तीही माझ्याकडे पाहते आणि तिला वाटते, पान टपटपते आहे.

मी भयभीत होऊन मागे वळतो. कोणत्या दोघींच्या मध्ये आपलेपण संपले? मी पुन्हा एकेकीपाशी थांबतो. इथे नाही. इथेही नाही.

"अनी! मला सीमा सापडत नाही!"

"सापडायची नाही. तुम्ही पाणी द्या."

आता मी नदीत गुडघाभर उभा आहे. ही आमची नदी आहे, पण काठावर कारवी आहे आणि पाऊस मेघालयाचा आहे. अनी समोर उभी आहे, ओंजळ करून. तिचे ओठ सुकले आहेत. वय कळत नाही. परकर नेसलेली मुलगी आहे, मोजे घातलेली विदुषी आहे, आणि हातावर उदक सोडले तेव्हाची वधूही आहे. रांगेतल्या सर्व स्त्रिया वळून तिच्याकडे पाहत आहेत. सगळ्यांत शेवटची, ती अनोळखी, तीसुद्धा तिच्याकडेच पाहते आहे, आणि तिला ती ओळखते आहे.

"लवकर, अण्णा. आई हाक मारील."

"पण हे कोणत्याही ग्रंथात नाही."

"कोणीतरी पहिल्यांदा चुकल्याशिवाय कसे असेल?"

साठ वर्षे ज्या जिव्हेने एक मात्रा हलू दिली नाही, ती जिव्हा टाळ्याला चिकटते. मग मी डोळे मिटतो. स्वप्नात डोळे मिटता येतात, हे मला ठाऊक नव्हते.

"अस्मत्कन्यां अनसूयादां," मी म्हणतो, आणि थांबतो, आणि म्हणतो, "अनसूयागोत्रां, वसुरूपां, स्वधा नमस्तर्पयामि."

अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून धार सुटते. पाणी घरंगळण्याचा आवाज येत नाही. गळण्याचाही येत नाही. मी डोळे उघडून तिच्या ओंजळीत पाहण्यासाठी वाकतो…

"अहो! उठा बघू. चहा निवतो आहे."

इंदिरा उशाशी उभी आहे. पडवीत उतरते ऊन आले आहे. माझी जीभ जड आहे, आणि कुठला माथा कुठला हे अजून उलगडत नाही.

"काय पुटपुटत होता? मी दोनदा हाक मारली."

"काय ऐकू आले तुला?"

"आपल्या अनीचं नाव. एकदा घेतलंत आणि लगेच पुन्हा घेतलंत." ती पदराने उगाच कपाचा कान पुसते. "गुरुजींचा फोन येऊन गेला. उद्याचं कश्यपच धरू ना, म्हणून विचारत होते. काय सांगू?"

"कश्यप नको म्हणावे."

"मग?"

"त्या ठिकाणी मी बोलेन. गुरुजींना म्हणावे, तेवढ्यापुरते गप्प राहा."

ती कप पुढे करते. मी उठून बसतो आणि चहाचा कप घेण्यासाठी हात पुढे करतो.

"अहो, हे काय?" ती म्हणते.

तिची दृष्टी माझ्या छातीवर आहे. मी खाली पाहतो. जानवे उजव्या खांद्यावर आहे. ते उजव्या खांद्यावर घेतात ते केवळ पितरांना पाणी देताना. झोपताना ते डाव्यावर होते. आयुष्यात एरवी ते डाव्यावरच असते. कूस बदलल्याने दोरा सरकेल, पण मान आणि हात त्यातून काढल्याखेरीज खांदा पालटत नाही. मी त्या दोऱ्याला बोट लावून पाहतो. तो व्यवस्थित बसलेला आहे, कोठेही पीळ नाही.

"बदला ना," इंदिरा म्हणते. "असं काय बघत बसलात?"

तर्पण पूर्ण झाले की जानवे पुन्हा डाव्या खांद्यावर घ्यायचे असते. मी हात वर नेतो, आणि तसाच थांबतो. तिची ओंजळ भरली की नाही, हे मी अजून पाहिलेले नाही.